पसंतीची यादी आणि पहिले सत्र

बारावीचा निकाल लागला, प्रवेशपरीक्षेतला क्रमांक कळला, पेढे वाटून झाले, की घरोघर एक बैठक बसते. मामा आलेले असतात, शेजारचे इंजिनियर काका असतात, क्लासचे सर फोनवरून हजर असतात. मध्ये मुलगा किंवा मुलगी, आणि समोर संगणकावर ती यादी: कोणते कॉलेज, कोणती शाखा, कोणत्या क्रमाने. या बैठकीत एक सल्ला हटकून ऐकू येतो. "वर फार मोठी नावं लिहू नकोस. ती मिळायची नाहीत, आणि पसंत्या मात्र फुकट जातील. झेपेल तेवढंच माग." सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. तथापि आय.आय.टी. आणि तिच्या जोडीच्या केंद्रीय संस्थांपुरते बोलायचे, तर हा सल्ला साफ चुकीचा आहे. कसा, ते तुम्हांला सांगायचे आहे. पुढे प्रवेश मिळाल्यावर हीच कमी मागण्याची सवय दुसऱ्यांदा आडवी येते. तेही ओघाने पाहू.

चुरस काही नवी नाही. मुंबईची आय.आय.टी. १९५८ च्या जुलैत सुरू झाली तेव्हा पवईला तिची इमारतही नव्हती. वरळीला कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांच्या संशोधनसंस्थेत वर्ग भरले. त्या पहिल्या वर्षी जागा होत्या १०० आणि अर्ज आले ३,४०० हून अधिक. २०२५ साली देशातल्या २३ आय.आय.टी. मिळून जागा होत्या १८,१६०. जेईई मेनमधल्या वरच्या अडीच लाखांना पुढची जेईई ॲडव्हान्स्ड देता येते. त्या वर्षी ती प्रत्यक्ष दिली सुमारे १ लाख ८० हजार मुलामुलींनी आणि पात्र ठरली ५४,३७८. म्हणजे पात्र ठरलेल्या तिघांतही एकालाच जागा. भीती वाटणे साहजिक आहे. परंतु क्रमांक हाती पडला, की परीक्षा संपली. आता उरते ते वाटप. आणि वाटपाचे नियम परीक्षेच्या नियमांहून निराळे असतात.

२०१५ पासून हे वाटप 'जोसा' नावाचे संयुक्त प्राधिकरण करते. आय.आय.टी., एन.आय.टी., ट्रिपल आय.टी. आणि केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या इतर काही, अशा सव्वाशेच्या आसपास संस्था एकाच यादीत येतात. त्याआधी आय.आय.टी. आणि एन.आय.टी.चे प्रवेश वेगवेगळे होत, एकच मुलगा दोन्हीकडे जागा अडवी आणि एक शेवटी रिकामी राही. आता यादी एक, आणि तीत पसंत्या किती द्याव्यात याला मर्यादा नाही. शंभर द्या, तीनशे द्या. "पसंत्या फुकट जातील" हे म्हणणे इथेच निकालात निघते. ज्याला तोटा नाही ते फुकट कसे जाणार?

पण खरी मेख पुढेच आहे. समजा, एका मुलीचा खुल्या गटातला क्रमांक ६,००० आहे. तिने पहिल्या ओळीवर पवईची संगणकशाखा लिहिली. ही शाखा अलीकडे पहिल्या सत्तर क्रमांकांतच संपते, तेव्हा ती काही तिला मिळणार नाही. मग यंत्र तिच्या दुसऱ्या पसंतीकडे जाते, आणि तिथे तिला असे उभे करते की जणू ती तिची पहिलीच पसंती होती. आता त्याच जागेवर डोळा असलेला दुसरा एक मुलगा आहे. त्याचा क्रमांक ६,५००, आणि त्याने ती जागा मोठ्या शहाणपणाने पहिल्या ओळीवर लिहिली आहे. जागा एकच उरली आहे. कोणाला मिळेल? मुलीला. तुम्ही ती जागा कितव्या ओळीवर लिहिलीत, हे ती जागा देताना पाहिलेच जात नाही. पाहिला जातो तो क्रमांक. आणि त्या मुलाला ती आधी दिलेली असली तरी? ते देणे तात्पुरतेच असते. सर्वांच्या याद्या पुढे सरकून स्थिर होईपर्यंत यंत्र कोणतीच जागा कायम करत नाही. वरच्या क्रमांकाचा कोणी मागून आला, की खालचा उठतो आणि आपल्या पुढच्या पसंतीच्या दारात जाऊन उभा राहतो.

ही रीत १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघा अमेरिकन गणितज्ञांनी एका लहानशा निबंधात मांडली. निबंधाचा विषय होता कॉलेजप्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य! विवाह मध्येच कुठून आले, हे आपल्याकडच्या वधूवरसूचक मंडळांना सहज समजेल. शॅप्लींना २०१२ साली ॲल्व्हिन रॉथ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल २००८ सालीच वारले होते. या रीतीचा एक सिद्ध झालेला गुण असा, की मागणाऱ्याने आपली आवड खोटी सांगून त्याचा कधीही फायदा होत नाही. मनातला क्रम तोच कागदावरचा क्रम, हाच त्यात सर्वांत चतुर डाव.

मग ती भीती आली कुठून? ती निव्वळ अडाणीपणातून आलेली नाही, हे सांगितले पाहिजे. बॉस्टन शहरात सरकारी शाळांचे प्रवेश पूर्वी दुसऱ्या रीतीने होत. तिथे आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या भरत, मग उरलेल्या जागांत दुसऱ्या पसंत्या. एखाद्या आईने फार मागणी असलेली शाळा पहिली लिहिली आणि ती हुकली, तर तिची दुसरी शाळा तोवर ती पहिली लिहिणाऱ्यांनी भरून टाकलेली असे. साहजिकच जाणत्या पालकांनी आपसांत बैठका घेऊन कोणती शाळा वर लिहायची याचे आडाखे बांधले. ज्यांना हे ठाऊक नव्हते ते प्रामाणिकपणे लिहीत आणि मार खात. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर २००५ साली शहराने ती रीत टाकली आणि गेल-शॅप्लींची धरली. म्हणजे "झेपेल तेवढंच माग" हा सल्ला बॉस्टनच्या जुन्या आईला योग्यच होता. तो जोसाच्या यादीला लावणे म्हणजे क्रिकेटचा नियम खोखोला लावणे.

आपल्या राज्यातही सगळीकडे नियम एकसारखे नाहीत. २०२५ पासून संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. तिथे पसंत्या दहाच देता येतात, आणि पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्या बंद. दहाचीच मुभा असेल, तर दहाही नावे आभाळातली लिहून चालत नाही. शेवटची दोनतीन हमखास पदरात पडणारी हवीत. तेव्हा कोणत्याही प्रवेशात पहिला प्रश्न हा विचारा: पसंत्यांना मर्यादा आहे का, आणि मिळालेली नाकारली तर काय होते? माहितीपुस्तिकेत ही दोन उत्तरे शोधायला अर्धा तास लागतो. बैठक त्यानंतर बसवावी.

जोसाच्या फेऱ्या पाच किंवा सहा होतात आणि त्याआधी दोनदा लुटुपुटीचे वाटपही दाखवतात. प्रत्यक्ष फेरीत जागा मिळाली की ती पैसे भरून आणि कागदपत्रे चढवून स्वीकारावी लागते. स्वीकारली नाही तर तुम्ही बाहेर. म्हणून वर कितीही मोठे लिहा, पण खाली जिथे आपण जाणारच नाही अशी जागा मात्र लिहू नका. स्वीकारताना तीन वाटा असतात. 'फ्रीझ' म्हणजे हीच पुरे. 'स्लाइड' म्हणजे संस्था हीच, वरची शाखा मिळाल्यास हवी. 'फ्लोट' म्हणजे यादीतली वरची कोणतीही मिळाल्यास हवी. फ्लोटला लोक उगाच घाबरतात. त्यात हातची जागा जाते ती वरची मिळाली तरच, एरवी नाही.

मागच्या वर्षी कोणती जागा कोणत्या क्रमांकाला संपली, याचे तक्ते जोसाच्या संकेतस्थळावर आहेत. ते जरूर पाहा. यादी किती खाली न्यायची ते त्यावरून कळते. वरून किती छाटायची हे मात्र त्यावरून ठरवू नका. मागच्या वर्षी ५,८०० ला संपलेली शाखा यंदा ६,१०० पर्यंत उतरू शकते. आपल्या मुलीने ती "मिळायची नाही" म्हणून लिहिलीच नसेल, तर ६,१०० वाला आत जाईल आणि ही ६,००० वाली बाहेरून पाहील. त्यावर अपील नाही.

शाखा वर की संस्था वर, यावर वाद पुष्कळ होतात. माझे मत विचाराल, तर एखाद्या विषयाची खरी ओढ असेल त्याने शाखा धरावी आणि नसेल त्याने संस्था. सतराव्या वर्षी बहुतेकांना ओढ असते ती पगाराच्या आकड्याची. तिला विषयाची आवड समजू नये. "आत तर जा, शाखा पुढे बदलू" या भरवशावरही राहू नये. ती सोय आता प्रत्येक संस्थेत राहिलेली नाही.

क्रमांक चांगला असूनही अडचण होते ती पुष्कळदा कागदांपायी. केंद्रीय संस्थांना इतर मागासवर्गीयांचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातले लागते आणि ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले असावे लागते. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचेही तसेच. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला घरात असतो, सगळे निर्धास्त असतात, आणि ऐन जूनमध्ये कळते की नमुनाच वेगळा. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, एस.ई.बी.सी. ही आपल्या राज्याची वर्गवारी. केंद्राच्या यादीत हे गट नाहीत. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत आहे का, हे आधी पाहावे लागते. तेव्हा एप्रिल उजाडला, की सेतू केंद्रात जाऊन "केंद्राच्या नमुन्यातला दाखला हवा" असे स्वच्छ शब्दांत मागावे. तिथला कारकून आपण होऊन विचारेलच असे नाही.

फीचेही असेच. आय.आय.टी.ची शिकवणी फी २०१६ साली वर्षाला दोन लाख झाली, हा आकडा ऐकूनच काही आईबाप यादीला हात लावत नाहीत. त्यांच्यापर्यंत दुसरी बाजू पोचत नाही. अनुसूचित जाती, जमाती आणि अपंग विद्यार्थ्यांना ही फी पूर्ण माफ आहे. इतरांत ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे त्यांना पूर्ण माफ, आणि एक ते पाच लाखांत असेल तर दोनतृतीयांश माफ. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च निराळा पडतो, तो धरावाच लागेल. परंतु दोन लाखांच्या भीतीने अर्जच न करणे म्हणजे भाव न विचारता बाजारातून परतणे.

असो. जागा मिळाली, ट्रंक आणि गादी घेऊन वडील वसतिगृहापर्यंत सोडून गेले. आता दुसरा भाग सुरू होतो.

पवईला दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाला तेराशे-चौदाशे मुलेमुली येतात. यांतला जवळजवळ प्रत्येक जण आपल्या शाळेत पहिला-दुसरा आलेला असतो. आता साधे गणित करा. शंभर पहिल्या नंबरांना एका वर्गात बसवले, तर त्यांतले पन्नास निम्म्याच्या खाली जाणारच. यात कोणाची बुद्धी कमी झाली नाही, शेजारी बदलले. पण बारा वर्षे पहिला येण्याची सवय लागलेल्या मुलाला हे गणित सुचत नाही. त्याला वाटते, आपली इथे चुकून निवड झाली. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात यावर पुष्कळ अभ्यास केला. सारख्याच कुवतीची दोन मुले घेतली, तर हुशारांच्या शाळेतले मूल स्वतःला कमी लेखते आणि साध्या शाळेतले जास्त, असे त्यांना दिसले. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात गेला, की तो स्वतःला लहान समजू लागतो. मासा तेवढाच असतो.

त्यात आपल्याकडच्या मुलाला भाषेची अडचण. जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. ॲडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते, आणि वर्ग तर इंग्रजीतच चालतात. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना विज्ञानाच्या संज्ञा ठाऊक असतात, बोलण्याची सवय नसते. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलाला त्वरण, संवेग, विकलन या कल्पना पक्क्या कळलेल्या असतात, त्यांची नावे तेवढी नव्याने शिकायची असतात. चारदोन महिन्यांत तो शिकतोही. पण त्या महिन्यांत तो वर्गात हात वर करत नाही. "माझं इंग्रजी ऐकून हसतील" म्हणून कळलेलेही बोलत नाही आणि न कळलेलेही विचारत नाही. यादी भरताना खाली मान घालून मागितले होते, तेच इथे पुन्हा.

या ठिकाणी बर्कलेच्या विद्यापीठातली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे युरी ट्राइसमन नावाचे गणिताचे तरुण अभ्यासक होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम करत. प्राध्यापकांना कारण विचारले तर ठरलेली उत्तरे मिळाली: तयारी कच्ची, घरचे वळण नाही, जिद्द कमी. ट्राइसमन यांनी दोन्हीकडची वीस-वीस मुले निवडली आणि ती अभ्यास कशी करतात ते कित्येक महिने जवळून पाहिले. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, घरचे पाठबळही होते. ती अभ्यास एकटी करत, इतकेच. दार लावून बसत, उदाहरण अडले की आपलेच काही चुकते असे समजत आणि अधिक वेळ घालवत. शेजारच्या खोलीतही तेच उदाहरण अडले आहे, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. चिनी मुले आधी एकेकटी सोडवत, मग जेवणाच्या टेबलाभोवती जमून एकमेकांचे तपासत. कोणते उदाहरण सर्वांनाच अडले, कोणते आपल्यालाच, कोणता प्रश्न परीक्षेला येईल, वरच्या वर्गातला भाऊ काय म्हणाला, सारे तिथे निघे.

ट्राइसमन यांनी मग जे केले ते लक्षात घ्या. त्यांनी कच्च्या मुलांची शिकवणी काढली नाही. उलट, अवघड उदाहरणे सोडवण्याचे मंडळ काढले आणि मुलांना गटागटाने त्याभोवती बसवले. निकाल पालटले. इतके, की पुढे अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांनी ही पद्धत उचलली. जादा शिकवणीला जायला हुशार मुलाला कमीपणा वाटतो. अवघड उदाहरणाला बोलावले, तर तो धावत येतो.

आपल्या लातूर-सांगलीकडून येणाऱ्या मुलाची अडचण नेमकी हीच आहे. ज्या तयारीने तो आत आला, ती तयारी एकट्याची होती. दोन वर्षे चाचण्या, दर चाचणीला क्रमांक, शेजारचा म्हणजे प्रतिस्पर्धी. ती सवय घेऊन तो वसतिगृहात दार लावून बसतो. वास्तविक पवईला सोय काही कमी नाही. पहिल्या वर्षाच्या दहाबारा मुलांमागे वरच्या वर्गातला एक विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमलेला असतो. मोठ्या व्याख्यानांना जोडून लहान ट्युटोरियल असते, तिथे विचारायला कोणाची हरकत नसते. मन फारच खचले, झोप उडाली, जेवण जाईना, तर संस्थेच्या वेलनेस सेंटरमध्ये समुपदेशक बसतात. ज्याला संस्थेतल्या कोणाशी बोलायचा संकोच वाटतो, त्याने १४४१६ हा क्रमांक फिरवावा. ही सरकारची 'टेली-मानस' सेवा २०२२ पासून चालू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. तिथे फोन केला म्हणजे मुलगा वेडा ठरत नाही, हे घरच्यांनी आधीच त्याच्या कानावर घालून ठेवावे.

घरच्यांना आणखी एक सांगतो. फोनवर "कितवा आलास?" हे विचारू नका. "कोणाबरोबर जेवलास?" हे विचारा. सप्टेंबरपर्यंत या दुसऱ्या प्रश्नाला दोनतीन नावे ऐकू आली, तर अभ्यासाचे बरेचसे काम झाले म्हणून समजा. आणि नावाऐवजी रोज "एकटाच" असे उत्तर आले, तर पहिल्या रविवारी गाडीत बसा आणि भेटून या.

सत्राच्या मध्यावर पहिली मोठी परीक्षा होते आणि काही दिवसांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांना दाखवतात. शाळेत हे कधी पाहिलेले नसते. गुण का गेले ते पाहायचे, तपासणाऱ्याची नजर चुकली असेल तर दाखवून द्यायचे, आपली चुकली असेल तर समजून घ्यायचे, यासाठीच ती वेळ राखलेली असते. मुले तिला आपल्या बोलीत 'क्रिब' म्हणतात, म्हणजे कुरकुर. शहरातली मुले तिथे रांग लावतात. गावाकडचा मुलगा कमी गुण पाहून उत्तरपत्रिका घडी करतो, परत देतो आणि खोलीवर जातो. त्याने त्या दिवशी रांगेत उभे राहावे. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालेल, उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून "इथले दोन गुण का गेले?" एवढेच विचारायचे असते.